भटक्या प्रशिक्षक : बेला गुटमन

(द्वितीय वर्ष, कला)

क्रिकेटने वेडावलेल्या आपल्या देशात एका परदेशी फुटबॉल प्रशिक्षकाचे चरित्र कोण वाचणार, अशी शंका हा लेख लिहायला घेताना मैत्रिणींनी बोलून दाखवली. परंतु आपले महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात आहे, आणि इथल्या माणसाला फुटबॉल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठापेठांतून माणसे लोटतात. मैदानावरचा सामना संपतो. तालमीच्या कट्ट्यावरचा मात्र रात्री उशिरापर्यंत चालू राहतो. त्यातून एखादा प्रशिक्षक एक संघ सोडून दुसरीकडे गेला आणि तिथे त्याला यश आले नाही, तर वादाला नुसता ऊत येतो. कोणी म्हणतो, तो आता संपला. कोणी म्हणतो, तो मोठा नव्हताच, आपल्या पोरांनी त्याला मोठे केले होते. आणि एखादा म्हातारा हळूच म्हणतो, त्याला जाऊ द्यायलाच नको होते.

असाच एक वाद पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे साठ वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. तिथल्या बेनफिका या क्लबने १९६१ आणि १९६२ अशी सलग दोन वर्षे युरोपियन कप जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक होते बेला गुटमन. दुसऱ्या विजयानंतर लगेच ते क्लब सोडून गेले. पुढे त्यांना कुठल्याही नव्या क्लबात तसे यश लाभले नाही. आणि बेनफिकाच्याही हाती तो चषक पुन्हा आला नाही. या दोन गोष्टींची सांगड घालून लोकांनी एका शापाची कथा तयार केली. ती कथा जगभर गाजली. मात्र तिच्याखाली एका माणसाचे खरे आयुष्य झाकले गेले. ते आयुष्य शापाच्या कथेपेक्षा कितीतरी विलक्षण आहे.

नृत्यशिक्षकांचा मुलगा

बेला गुटमन यांचा जन्म १८९९ साली हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. आईवडील दोघेही नृत्यशिक्षक. बेला यांनीही वयाच्या सोळाव्या वर्षी नृत्य शिकवण्याची पात्रता मिळवली. पण त्यांचे पाय रमले ते फुटबॉलमध्ये. ते एम. टी. के. या बुडापेस्टच्या नामांकित संघातून मैदानाच्या मध्यभागी खेळू लागले. धसमुसळेपणापेक्षा तोल आणि लय यांवर त्यांच्या खेळाची भिस्त होती. नृत्यशाळेचा हा वारसा पायांत उतरला असेल तर नवल नाही.

पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीत ज्यूंविरुद्ध वातावरण तापले. तेव्हा गुटमन ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथे गेले आणि हाकोआ या ज्यूंच्या क्लबात दाखल झाले. हाकोआ या हिब्रू शब्दाचा अर्थ शक्ती. ज्यू माणूस अंगाने दुबळा असतो, अशी हेटाळणी त्या काळी सर्रास होत असे. तिला मैदानावर उत्तर देण्यासाठी हा क्लब निघाला होता. हाकोआने १९२५ साली ऑस्ट्रियाचे विजेतेपद जिंकून ते उत्तर दिले. त्या संघात गुटमन होते.

त्यांचा स्वभाव कसा होता, हे १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसले. हंगेरीच्या पथकात खेळाडूंपेक्षा अधिकाऱ्यांचीच चैन अधिक होती आणि खेळाडूंची उतरण्याची जागा उंदरांनी भरलेली होती. गुटमन यांनी मेलेले उंदीर अधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या दारांना बांधून निषेध केला, असे सांगतात. त्या स्पर्धेत हंगेरीचा संघ इजिप्तकडून तीन विरुद्ध शून्य असा हरला. वरिष्ठांपुढे मान तुकवायची नाही, हा बाणा त्यांनी जन्मभर सोडला नाही; आणि त्याची किंमतही जन्मभर मोजली.

१९२६ साली हाकोआचा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. न्यूयॉर्कमधील एका सामन्याला ४६,००० लोक लोटले. हे स्वागत पाहून संघातले अनेक खेळाडू अमेरिकेतच राहिले. त्यांत गुटमनही होते. तिथे त्यांनी खेळातून आणि इतर व्यवहारांतून पैसा मिळवला, शेअर बाजारात गुंतवला, आणि १९२९ च्या मंदीत तो गमावून बसले. पुढे तीनचार वर्षांनी युरोपात परतले तेव्हा त्यांच्यापाशी उरला होता तो फुटबॉलचा अनुभव. त्याच्याच जोरावर त्यांनी प्रशिक्षकाचा पेशा धरला.

माळ्यावरचे दिवस

व्हिएन्नात सुरुवात करून ते १९३५ मध्ये हॉलंडमधील एन्सखेडे या गावच्या क्लबात गेले. तिथली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. करार करताना गुटमन यांनी संघ विजेता ठरल्यास भलीमोठी बक्षिसाची रक्कम मागितली. संघाची अवस्था इतकी बिकट होती की चालकांनी ती हसत हसत मान्य केली. पण गुटमन यांच्या हाताखाली संघ विजेतेपदाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन ठेपला, तेव्हा आपला संघ हरावा म्हणून चालकच देवाची करुणा भाकू लागले, असे म्हणतात. गोष्ट विनोदी आहे, पण पुढे लिस्बनमध्ये जे घडले त्याचे बीज तीत दिसते.

मायदेशी परतून १९३९ मध्ये त्यांनी बुडापेस्टच्या उयपेश्त संघाला हंगेरीचे विजेतेपद आणि मध्य युरोपातील क्लबांची मित्रोपा स्पर्धा अशी दोन्ही यशे एकाच वर्षात मिळवून दिली. चाळिशीच्या या प्रशिक्षकापुढे आता सारा युरोप मोकळा होता. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. ज्यूंविरुद्धच्या कायद्यांमुळे त्यांचे काम गेले.

युद्धाच्या काळात ते कुठे होते, याचा नीट उलगडा कित्येक वर्षे झाला नव्हता. ते स्वित्झर्लंडमध्ये सुरक्षित होते, असा समज पसरलेला होता आणि त्यांनी स्वतः त्याविषयी बोलण्याचे टाळले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड बोलचोव्हर यांच्या चरित्रग्रंथाने खरी हकिकत पुढे आणली. मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्याने हंगेरी ताब्यात घेतली आणि काही आठवड्यांतच ज्यूंना आगगाड्यांत कोंबून आउशवित्झच्या मृत्युछावणीकडे पाठवण्यास सुरुवात झाली. गुटमन यांची पत्नी मारिआन ज्यू नव्हती. तिच्या माहेरच्या माणसांच्या आश्रयाने ते उयपेश्तमध्ये एका घराच्या माळ्यावर लपून राहिले. नंतर ते सक्तमजुरीच्या छावणीत सापडले. तिथे त्यांचे अतोनात हाल झाले. डिसेंबर १९४४ मध्ये, छावणीतल्या माणसांना पुढे पाठवण्याची वेळ येऊन ठेपली असता, काही सोबत्यांसह त्यांनी खिडकीतून उडी टाकून पलायन केले. या सोबत्यांत एर्नो एर्बश्टाइन हेही होते. त्यांनी पुढे इटलीतील तोरिनो हा बलाढ्य संघ घडवला आणि १९४९ च्या विमान अपघातात त्या संघासह ते मरण पावले.

गुटमन वाचले. त्यांचे वडील आणि थोरली बहीण यांची आउशवित्झमध्ये हत्या झाली. ज्या गावाच्या मैदानावर पाच वर्षांपूर्वी लोकांनी आपल्याला डोक्यावर घेतले होते, त्याच गावात माळ्यावर श्वास रोखून बसण्याची पाळी या माणसावर आली होती. लोकांच्या टाळ्यांवर आणि एका गावाच्या प्रेमावर त्यांनी पुन्हा कधी पुरता भरवसा ठेवला नाही, तर त्यांना दोष कोण देईल?

एका क्लबातून दुसऱ्या क्लबात

युद्ध संपले तेव्हा सगळा मध्य युरोप उपाशी होता. १९४६ च्या सुमारास गुटमन रुमानियात बुखारेस्टच्या एका क्लबात गेले. पैशाला किंमत उरली नव्हती, म्हणून त्यांनी पगार धान्य-भाजीपाल्याच्या रूपात घेतला. १९४७ साली उयपेश्तला त्यांनी पुन्हा हंगेरीचे विजेतेपद मिळवून दिले. मग ते किश्पेश्त या क्लबात गेले. तिथे फेरेन्त्स पुश्काश नावाचा विशीतला तरुण खेळाडू होता, ज्याची गणना पुढे जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंत झाली. एका सामन्यात संघ मागे पडला असता गुटमन यांनी आडदांडपणे खेळणाऱ्या एका बचावपटूला मध्यंतरानंतर मैदानात उतरू नकोस, असे सांगितले. बदली खेळाडू घेण्याची सोय त्या काळी नव्हती. म्हणजे दहा जणांनी खेळावे लागले असते. पुश्काशने त्या खेळाडूला थांबवून घेतले. तो खेळायला उतरलेला पाहताच गुटमन प्रेक्षकांत जाऊन बसले, घोड्यांच्या शर्यतीचे वर्तमानपत्र वाचत उरलेला वेळ काढला, आणि ट्रामने घरी गेले ते कायमचेच.

पुढची दहा वर्षे म्हणजे नुसती भटकंती. इटलीत पादोवा आणि त्रिएस्ते, अर्जेंटिनात किल्मेस, सायप्रसमध्ये निकोसिया, आणि पुन्हा इटली. १९५३ मध्ये ते मिलानसारख्या थोर क्लबाचे प्रशिक्षक झाले. १९५५ च्या फेब्रुवारीत संघ गुणतक्त्यात अव्वल स्थानी असताना चालकांनी त्यांना काढून टाकले. यश मिळवूनही नोकरी गेली! तेव्हापासून म्हणे ते प्रत्येक करारात एक कलम घालून घेऊ लागले : संघ पहिल्या क्रमांकावर असताना आपल्याला काढता येणार नाही.

१९५६ साली हंगेरीतला उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला. त्या वेळी परदेशात असलेल्या होनवेद संघाबरोबर गुटमन दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि ब्राझीलमध्येच राहिले. तिथे साओ पावलो क्लबाला त्यांनी १९५७ चे प्रांतिक विजेतेपद मिळवून दिले. बचावात चार, मध्यभागी दोन आणि आघाडीवर चार खेळाडू, ही रचना ब्राझीलमध्ये रुजवण्यात त्यांचा वाटा होता, असे काही अभ्यासक मानतात. या क्लबात त्यांच्याबरोबर काम केलेले व्हिसेंते फेओला १९५८ मध्ये ब्राझीलचे प्रशिक्षक होते आणि त्या वर्षी ब्राझील प्रथमच जगज्जेता झाला. त्याच वर्षी गुटमन पोर्तुगालमध्ये आले. पोर्तो क्लबाला त्यांनी पहिल्याच हंगामात, शेवटच्या दिवशीच्या चुरशीत, विजेतेपद जिंकून दिले. दुसऱ्या क्रमांकावर राहिला तो बेनफिका. लगेच बेनफिकाने त्यांना बोलावून घेतले.

लिस्बनची तीन वर्षे

गुटमन साठ वर्षांचे होते. आल्या आल्या त्यांनी वीसच्या आसपास जुन्या खेळाडूंना निरोप दिला आणि कुमार संघातली मुले वर आणली. क्लबात खळबळ उडाली. पण १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळाल्यावर टीकाकार गप्प झाले.

त्या काळचा पोर्तुगाल म्हणजे सालाझारच्या हुकूमशाहीतला, गरीब पण वसाहतींचा अभिमान मिरवणारा देश. त्याच्या फुटबॉलचे बळ बरेचसे आफ्रिकेतल्या वसाहतींतून आले होते. बेनफिकाचा आधारस्तंभ मारिओ कोलुना मोझांबिकमधला, तर कर्णधार जुझे आग्वास अंगोलात जन्मलेला. आपल्या शेजारचा गोवाही तेव्हा त्याच राजवटीखाली होता आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे बेनफिकाच्या दोन युरोपीय विजयांच्या मधल्या काळात, तो मुक्त झाला. साम्राज्य एकीकडे ढासळत होते आणि दुसरीकडे त्याच साम्राज्यातल्या आफ्रिकन मुलांच्या पायांनी पोर्तुगाल युरोपात मान मिळवत होता, ही इतिहासाची थट्टाच म्हणायची.

या मुलांतला सर्वांत मोठा म्हणजे युसेबिओ. त्याची गोष्ट केशकर्तनालयातली आहे. साओ पावलोत गुटमन यांच्या हाताखाली खेळलेले बावर हे ब्राझिलियन गृहस्थ आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतताना लिस्बनला थांबले होते. केस कापून घेता घेता त्यांनी गुटमन यांना मोझांबिकमध्ये पाहिलेल्या एका अद्भुत पोराविषयी सांगितले. गुटमन यांनी वेळ दवडला नाही. हा मुलगा लिस्बनमधल्या स्पोर्टिंग या प्रतिस्पर्धी क्लबाशी संलग्न असलेल्या संघातून खेळत होता. त्यामुळे मोठे भांडण लागले. डिसेंबर १९६० मध्ये अठरा वर्षांचा युसेबिओ लिस्बनला आला, काही दिवस त्याला दक्षिणेकडे लपवून ठेवावे लागले, आणि मे १९६१ मध्ये तो बेनफिकाकडून प्रथम खेळला.

३१ मे १९६१ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे युरोपियन कपचा अंतिम सामना झाला. युसेबिओ त्यात नव्हता. या स्पर्धेची पहिली पाचही विजेतेपदे रेआल माद्रिदने जिंकली होती. त्या माद्रिदला बाहेर काढून बार्सेलोना अंतिम फेरीत आला होता. बार्सेलोनाचे फटके वारंवार गोलखांबांवर आदळून परतले आणि बेनफिका तीन विरुद्ध दोन असा जिंकला. गुटमन यांना त्या दिवशी दैवाने साथ दिली, यात शंका नाही.

पुढच्या वर्षीचा विजय मात्र निर्विवाद होता. २ मे १९६२ रोजी ॲमस्टरडॅम येथे समोर होता रेआल माद्रिद, आणि माद्रिदकडून खेळत होता तोच पुश्काश, ज्याच्यामुळे गुटमन ट्राम पकडून घरी गेले होते. पुश्काशने पूर्वार्धातच तीन गोल केले. मध्यंतराला माद्रिद तीन विरुद्ध दोन असा पुढे होता. उत्तरार्धात माद्रिदचे वयस्क खेळाडू दमले, कोलुनाने बरोबरी साधली आणि वीस वर्षांच्या युसेबिओने दोन गोल केले. बेनफिका पाच विरुद्ध तीन असा विजयी झाला. सामना संपल्यावर पुश्काशने आपला सदरा युसेबिओला दिला. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती वारसा सोपवला, आणि हा प्रसंग घडवून आणणारा माणूस बाजूला उभा होता.

निरोप आणि नंतरची वणवण

यानंतर जे घडले त्याविषयी सर्वसाधारण हकिकत अशी : गुटमन चालकांकडे गेले आणि दोन युरोपीय विजयांच्या बदल्यात वाढीव बक्षीस मागितले. चालकांनी करारावर बोट ठेवून नकार दिला. युरोपीय विजयाची इतकी अपेक्षाच कोणी केली नव्हती, म्हणून करारात त्यासाठी फारसे काही ठरवलेले नव्हते. गुटमन निघून गेले. जाताना त्यांनी येत्या शंभर वर्षांत आपल्याशिवाय बेनफिका युरोपचा विजेता होणार नाही असे म्हटले, अशी आख्यायिका आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी लोक विसरतात. गुटमन यांचे ठाम मत होते की प्रशिक्षकाचे तिसरे वर्ष घातक असते. पहिल्या वर्षी खेळाडू त्याच्या शब्दाने पेटतात, दुसऱ्या वर्षी मन लावून खेळतात, आणि तिसऱ्या वर्षी तेच शब्द ऐकून कंटाळतात. शिवाय तोवर प्रतिस्पर्ध्यांनाही सारे डावपेच उमगलेले असतात. १९६१-६२ हे त्यांचे बेनफिकातले तिसरे वर्ष होते. त्या वर्षी युरोपियन कप मिळाला खरा, पण पोर्तुगालच्या साखळी स्पर्धेत बेनफिका तिसऱ्या क्रमांकावर घसरला होता. पैशाचा वाद झाला नसता तरी ते फार काळ राहिले असते, असे वाटत नाही.

लिस्बनहून ते उरुग्वेत पेन्यारोल या क्लबात गेले. याच पेन्यारोलने १९६१ मध्ये दोन खंडांच्या विजेत्यांतील लढतीत बेनफिकाला हरवले होते. दक्षिण अमेरिकेतील सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या १९६२ च्या अंतिम लढतीत पेन्यारोलची गाठ पेलेच्या सांतोस संघाशी पडली. पहिल्या दोन सामन्यांत दोघांनी एकेक विजय मिळवल्यावर तिसऱ्या सामन्यात सांतोसने तीन गोलांनी बाजी मारली. आधीच्या दोन्ही वर्षांचा विजेता असलेला संघ गुटमन यांच्या हाताखाली हरला, आणि काही महिन्यांतच ते तिथून बाहेर पडले. १९६४ मध्ये ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघाचे काम त्यांनी थोडे दिवस पाहिले.

१९६५ साली बेनफिकाने त्यांना पुन्हा बोलावले. जुने भांडण विसरून ते आले. लिस्बनच्या रसिकांना वाटले, आता गेलेले दिवस परत येणार. पण मार्च १९६६ मध्ये मँचेस्टर युनायटेडने लिस्बनमध्ये येऊन पाच विरुद्ध एक असा त्यांचा धुव्वा उडवला. एकोणीस वर्षांच्या जॉर्ज बेस्टने सुरुवातीलाच दोन गोल केले. त्या वर्षी पोर्तुगालचे विजेतेपदही स्पोर्टिंगने नेले. वर्षभरातच गुटमन पुन्हा बाहेर पडले.

पुढे जिनिव्हाचा सेर्व्हेत, अथेन्सचा पानाथिनाइकोस, व्हिएन्नाचा ऑस्ट्रिया हा क्लब. कुठेच जम बसला नाही. शेवटी १९७३ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ते पोर्तोत परतले. १६ डिसेंबर १९७३ रोजी सामन्याच्या तेराव्या मिनिटाला त्यांचा मध्यरक्षक पावाओ मैदानावर कोसळला आणि मरण पावला. तो हंगाम पोर्तोच्या लोकांना त्या मृत्यूमुळेच आठवतो. त्यानंतर गुटमन यांनी प्रशिक्षकाचे काम सोडले.

यश का लाभले नाही?

कट्ट्यावरचा वाद इथेच रंगतो. गुटमन मुळात थोर होते की बेनफिकाच्या खेळाडूंनी त्यांना थोर केले?

मला यावर एक घरातले उदाहरण सुचते. माझे वडील गुळव्या आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पण घरातली खरी विद्या वडिलांच्या डोळ्यांत आहे. रस किती उकळला, मळी केव्हा काढायची, काहील नेमकी कोणत्या क्षणी उतरवायची, हे ते पाकाकडे बघून सांगतात. हंगामागणिक गुऱ्हाळ बदलते. एका वर्षी नव्या गुऱ्हाळावर गूळ काळा पडू लागला. मालकाने वडिलांच्या हाताला दोष दिला. वास्तविक ऊस क्षारपड रानातला होता आणि जाळ घालणारा माणूस नवखा होता. हात तोच, डोळा तोच. गूळ मात्र तो नव्हता. वडिलांनी वाद घातला नाही. हंगाम संपवून ते दुसरीकडे गेले, आणि तिथला गूळ बाजारात चढ्या भावाने गेला.

प्रशिक्षकाचेही तसेच असावे. बेनफिकात गुटमन यांना कोलुना आणि युसेबिओ यांच्यासारखे खेळाडू मिळाले, तरुणांना संधी देण्याची मोकळीक मिळाली, आणि तीन सलग वर्षे मिळाली. त्यांची रीत आधी जुने मोडायचे आणि मग नवे उभारायचे, अशी होती. तिला अवधी हवा असतो. १९६२ नंतर कोणत्याही क्लबात ते धड दोन वर्षे टिकले नाहीत. दरम्यान खेळही बदलला होता. इटलीच्या संघांनी बचाव इतका भक्कम केला की चार जणांची आघाडी घेऊन धावून जाणारा संघ उघडा पडू लागला. वयही साठीपलीकडे गेले होते. ही कारणे पुरेशी आहेत. त्यासाठी शापाची गरज नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गुटमन गेल्यावर बेनफिका काही बुडाला नाही. १९६३, १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ तीन वर्षे तो पोर्तुगालचा विजेता ठरला. हा क्रम तुटला तो १९६६ मध्ये, म्हणजे नेमके गुटमन परत आले त्या वर्षी! पुढच्याच वर्षी, ते नसताना, बेनफिका पुन्हा विजेता झाला. खरोखर शाप असता तर तो असा उलटा कसा लागला असता?

पैशाच्या मागे लागलेला माणूस, अशीही त्यांच्यावर टीका झाली. तिच्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्याची न्यूयॉर्कची पुंजी मंदीत गेली, ज्याने पगार म्हणून भाजीपाला घेतला, ज्याला अव्वल स्थानावर असताना घरी पाठवले गेले आणि ज्याच्या घरच्या माणसांना केवळ जन्मामुळे मारण्यात आले, त्याने शब्दापेक्षा करारावर आणि कौतुकापेक्षा पैशावर विश्वास ठेवला, यात लोभापेक्षा अनुभवच अधिक आहे. एका जागी मूळ धरले की ते उपटले जाते, हे त्यांनी फार लवकर पाहिले होते. म्हणून कोणी काढण्यापूर्वी आपणच उठावे, ही त्यांची सवय झाली असावी. या सवयीने त्यांना वाचवले. आणि हीच सवय त्यांच्या कर्तृत्वाला कुठे स्थिर होऊ देईना. बेनफिकाच्या चालकांनी त्या वेळी थोडे मन मोठे केले असते आणि गुटमन यांनी एकदा तरी चौथे वर्ष राहून पाहिले असते, तर दोघांचाही इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

शापाची कथा

बेला गुटमन २८ ऑगस्ट १९८१ रोजी व्हिएन्ना येथे वारले. शहराच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे.

त्यांच्यामागे कथा वाढतच गेली. बेनफिका युरोपियन कपच्या अंतिम फेरीत १९६३, १९६५, १९६८, १९८८ आणि १९९० असा पाच वेळा हरला. १९८३ मध्ये युएफा कप आणि २०१३ व २०१४ मध्ये युरोपा लीगच्या अंतिम फेरीतही तेच झाले. एकूण आठ पराभव. १९९० चा सामना नेमका व्हिएन्नातच होता. तेव्हा युसेबिओ आपल्या जुन्या गुरूच्या कबरीपाशी गेला आणि त्याने प्रार्थना केली. दुसऱ्या दिवसाचे वर्तमानपत्र मात्र मिलानच्या एका गोलाच्या विजयाचेच होते. २०१४ मध्ये क्लबने आपल्या मैदानापाशी गुटमन यांचा पुतळा उभारला. दोन हातांत दोन युरोपियन कप धरलेला. त्याच वर्षी संघ सेव्हियाकडून पेनल्टी फटक्यांवर हरला. २०२२ साली बेनफिकाच्या युवा संघाने युरोपातील युवा स्पर्धा जिंकली, तेव्हा शाप फिटला म्हणून काहींनी आनंद मानला.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. लोककथा कशा जन्मतात हे आपण अभ्यासतो. अंतिम सामना हरण्यात गूढ असे काही नाही. ज्या संघांनी बेनफिकाला हरवले ते मिलान, इंटर, मँचेस्टर युनायटेड यांसारखे तोलामोलाचे संघ होते. तरीही लोक शाप धरून बसतात, याचे कारण मला वेगळे वाटते. शाप म्हणजे लोकांच्या मनातली बोच आहे. एका गुणी माणसाने आपल्या कष्टाचे मोल मागितले आणि आपण ते दिले नाही, हे लिस्बनचा रसिक आतून विसरलेला नाही. युसेबिओ कबरीपाशी गेला तो शाप उतरवायला गेला, असे वर्तमानपत्रांनी लिहिले. आपल्याला मोझांबिकमधून हुडकून आणणाऱ्या, घरदार हरवलेल्या त्या म्हाताऱ्याचे देणे द्यायला तो गेला होता, असे समजायलाही काय हरकत आहे?